सीसी, बीसीसी आणि एकदम साठ जणांना मेल: कोणाला काय दिसतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: साठ-सत्तर जणांना एकच मेल पाठवायचाय, त्यातले काही ऑफिसमधले, बाकीचे बाहेरचे आणि एकमेकांना न ओळखणारे, शिवाय साहेबांना पण कळायला हवं. तर टू मध्ये कोण, सीसीत (कार्बन कॉपी, उघड प्रत) कोण, बीसीसीत (ब्लाइंड कार्बन कॉपी, लपवलेली प्रत) कोण, आणि बीसीसीतल्या कोणी रिप्लाय ऑल मारला तर काय होतं.

घाईत असाल तर एवढंच वाचा. बाहेरचे सगळे बीसीसीत, टू मध्ये तुमचा स्वतःचाच पत्ता, ऑफिसवाल्यांना वेगळा मेल, आणि साहेबांना बीसीसीत अजिबात टाकू नका, मेल गेला की सेंट फोल्डरमधून त्यांना फॉरवर्ड करा. आता हे असं का ते सांगतो, जरा लांबेल, कारण मेल सर्व्हर सांभाळायचं काम बरीच वर्षं करतोय आणि या तीन रकान्यांवरून जेवढी भांडणं बघितलीत तेवढी पासवर्डवरून सुद्धा नाही बघितली.

टू आणि सीसी, यांच्यात मशीनच्या दृष्टीने काडीचा फरक नाही. दोघांनाही तोच मेल, तीच अटॅचमेंट, आणि दोघांचे पत्ते सगळ्यांना दिसतात. फरक आहे तो वाचणाऱ्याच्या डोक्यात. टू मध्ये आपलं नाव दिसलं की माणूस समजतो उत्तर मी द्यायचंय, सीसीत दिसलं की समजतो मला नुसतं कळावं म्हणून टाकलंय. म्हणून टू मध्ये आठ जण आणि खाली "कृपया बघून घ्या" असं लिहिलं की हमखास कोणीच बघत नाही, प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल. ज्याच्याकडून काम हवंय तो एकटा टू मध्ये ठेवा, फार तर दोघं, आणि पहिल्याच ओळीत नाव घेऊन काय हवंय ते लिहा. चालू असलेल्या मेलामेलीत मधेच कोणाला सीसीत घेत असाल तर तेही वरती लिहा, अमुक यांना सीसीत घेतोय, बजेटचा भाग त्यांच्याकडे आहे म्हणून. नाहीतर समोरच्याला वाटणार आपली तक्रार वर गेली. आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा तसंच असतं, साहेबांना सीसीत टाकणं हे कित्येक ऑफिसांत सभ्यपणे दम द्यायचं साधन झालंय, त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

सीसीचा एक परिणाम मात्र लोकांच्या लक्षात येत नाही. मेल फॉरवर्ड झाला की वरची टू-सीसीची सगळी यादी मजकुराचाच भाग बनून खाली चिकटून जाते, मग ती कुठे कुठे फिरेल यावर तुमचा ताबा राहत नाही. आज ज्यांना एकमेकांचे पत्ते दिसले तर चालेल असं वाटतंय त्यांच्या पलीकडच्या लोकांनाही ते उद्या दिसणार हे धरूनच सीसी करा.

आता बीसीसी. हे समजायचं असेल तर मेल जातो कसा ते बघायला लागतं, पण अवघड काही नाही. पाठवताना दोन गोष्टी वेगवेगळ्या जातात, एक पाकीट आणि एक आतलं पत्र. पाकिटावर सर्व्हरला सांगितलेलं असतं की हा मेल या या पत्त्यांवर टाक. आणि आतल्या पत्राच्या डोक्यावर, म्हणजे हेडरमध्ये, टू आणि सीसीच्या ओळी असतात ज्या आपल्याला स्क्रीनवर दिसतात. पोचवायचं काम पाकिटावरूनच होतं. बीसीसी म्हणजे पत्ता पाकिटावर आहे पण पत्रात नाही, बस्स, यापेक्षा जास्त काही जादू त्यात नाही. ही विभागणी जुनी आहे, १९८२ साली मेलच्या वाहतुकीसाठी आरएफसी (म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) ८२१ आणि मजकुराच्या मांडणीसाठी आरएफसी ८२२ असे दोन वेगळे नियम निघाले, आता त्यांच्या जागी २००८ सालचे ५३२१ आणि ५३२२ आहेत पण गाभा तोच. स्पॅम मेलमध्ये कधीकधी टू मध्ये भलत्याच कोणाचा तरी पत्ता असतो आणि तरी तो मेल तुमच्याकडे येतो ना, ते याचमुळे. पाकिटावर तुम्ही असता, पत्रात नसता.

एक बारीक गोष्ट आहे जी मला महत्त्वाची वाटते. ५३२२ मध्ये बीसीसीची ओळ हाताळायचे तीन प्रकार सांगितलेत. पहिला, ती ओळ पूर्ण काढून टाकायची आणि सगळ्यांना सारखीच प्रत पाठवायची. दुसरा, टू-सीसीवाल्यांच्या प्रतीतून काढायची पण बीसीसीवाल्याच्या प्रतीत ठेवायची, म्हणजे आपण गुपचूप प्रतीत आहोत हे त्याला तरी कळतं. आणि तिसरा, ओळ ठेवायची पण रिकामी, म्हणजे सगळ्यांना कळणार की कोणालातरी लपवून प्रत गेलीय, फक्त कोणाला ते नाही कळणार. तिन्ही नियमात बसतं. म्हणजे "कुणाला काहीच कळणार नाही" ही खात्री तुमचा मेलचा प्रोग्रॅम काय करतो यावर आहे. रोजच्या वापरातल्या सेवा, जीमेल किंवा आउटलूक वगैरे, बीसीसीवाल्यांना एकमेकांचे पत्ते दाखवत नाहीत, तिथे निश्चिंत राहा. जीमेलमध्ये ज्याला बीसीसी केलंय त्याला तपशील उघडला की फक्त स्वतःपुरतं बीसीसी दिसतं.

इथे स्क्रिप्ट लिहून मेल पाठवणाऱ्यांसाठी एक सूचना, बाकीच्यांनी हा पॅरा सोडला तरी चालेल. पायथनच्या एसएमटीपीलिबमध्ये सेंडमेसेज वापरलंत तर ते बीसीसीची ओळ स्वतःहून पाठवत नाही. पण सेंडमेल वापरून तयार मजकूर दिलात आणि त्यात बीसीसीची ओळ तुम्ही लिहून ठेवली असेल तर ती ओळ तशीच्या तशी पुढे जाते, सगळ्यांच्या हेडरमध्ये. पत्ते पाकिटाच्या यादीत द्यायचे, हेडरमध्ये लिहायचेच नाहीत, हा साधा नियम पाळा आणि आधी स्वतःच्याच दोन-तीन पत्त्यांवर पाठवून मूळ सोर्स उघडून बघा.

आता तुमच्या रिप्लाय ऑलच्या प्रश्नाकडे येतो, सगळी गोम तिथेच आहे. बीसीसीतल्या माणसाने रिप्लाय ऑल केलं तर उत्तर तुम्हाला जातं आणि टू व सीसीतल्या सगळ्यांना जातं. बाकीच्या बीसीसीवाल्यांना जात नाही कारण त्याच्या प्रतीत ते पत्तेच नाहीत. म्हणजे समजा तुम्ही क्लायंटला मेल टाकला, साहेब बीसीसीत, आणि साहेबांनी फोनवर घाईघाईत वाचून रिप्लाय ऑल करून लिहिलं "ठीक आहे, पण यांना अजून सवलत देऊ नका", तर ते थेट क्लायंटच्या इनबॉक्समध्ये. साहेब गुपचूप वाचत होते हे तर कळलंच, वर सवलतीचं पण कळलं. यात साहेबांची चूक म्हणावी तर कशी म्हणणार, मेल आल्यावर आपण कुठल्या रकान्यात आहोत हे कोण बघत बसतं, आणि फोनवर तर ती ओळ मिटलेलीच असते. शिवाय उलट बाजूने पण तोटा आहे, क्लायंटने रिप्लाय ऑल केलं तर ते साहेबांकडे येणार नाही, त्यामुळे पुढचं बोलणं त्यांना कळतच नाही आणि ते समजतात की यांनी मला अर्धवट ठेवलं.

म्हणून माझं मत पक्कं झालंय, बीसीसी पत्ते लपवायला वापरा, माणूस लपवायला नको. कोणाला नकळत दाखवायचंच असेल तर आधी मेल पाठवा आणि मग सेंटमधून फॉरवर्ड करा. फॉरवर्ड केलेल्या मेलला साहेबांनी कसंही उत्तर दिलं तरी ते तुमच्याकडेच येणार, आणि वरती दोन ओळी लिहून संदर्भ पण देता येतो. फक्त यात अटॅचमेंट म्हणून फॉरवर्ड करायचा पर्याय टाळा, कारण तुमच्या सेंटमधल्या प्रतीत बीसीसीची पूर्ण यादी असते आणि त्या मार्गाने ती सोबत जाऊ शकते. आणि हो, नकळत म्हणजे समोरच्याच्या नकळत, ऑफिसच्या मेल सर्व्हरच्या नाही. कोणता मेल कोणत्या पत्त्यांवर गेला याची नोंद तिथे पाकिटावरून होते, त्यात बीसीसी बिसीसी काही वेगळं नसतं.

माणूस बीसीसीत टाकायचा एकच प्रकार मला आवडतो, तो म्हणजे उघडपणे सांगून बाहेर काढणं. कोणी तुमची ओळख करून दिली, आता पुढच्या वेळा ठरवायच्या वीस मेलांमध्ये त्याला कशाला त्रास, मग उत्तर देताना लिहायचं की ओळखीबद्दल आभार, तुम्हाला बीसीसीत सरकवतोय. त्याला एवढा शेवटचा मेल मिळतो, पुढचे येत नाहीत, आणि टू मधल्याला पण कळतं तो का दिसत नाहीये.

आता बाहेरच्या साठ जणांचं. इथे बीसीसी बरोबर जागी आहे, पण टू मध्ये स्वतःचा पत्ता ठेवा असं मी म्हटलं त्याला कारण आहे. टू मध्ये फक्त तुम्ही असलात की कोणीही रिप्लाय ऑल मारो, ते तुमच्याकडेच येणार, दुसरं कोणी यादीत नाहीच. टू पूर्ण रिकामं ठेवलं तरी बऱ्याच सेवा पाठवू देतात, मग तिथे अनडिस्क्लोज्ड रेसिपियंट्स असं काहीतरी येतं, त्यात चुकीचं काही नाही पण समोरच्याला जरा संशयास्पद दिसतं. ऑफिसवाल्यांना याच मेलच्या सीसीत टाकू नका, कारण मग साठही बाहेरच्या लोकांना त्यांचे पत्ते दिसले आणि कोणीही रिप्लाय ऑल केलं की उत्तरं त्यांच्या डोक्यावर. त्यांना वेगळा मेल, पाच मिनिटांचं काम आहे. आणि मजकुरात एक ओळ लिहा की हा मेल कोणाकोणाला जातोय, नावं नकोत, "यंदाच्या शिबिराला नाव दिलेल्या सगळ्यांना" एवढं पुरे. बीसीसीत आलेला मेल माणसाला आपला वाटत नाही, माझ्यासाठी आहे की चुकून आलाय तेच कळत नाही, या एका ओळीने ते सुटतं. काही लोकांनी असा फिल्टर लावलेला असतो की टू किंवा सीसीत माझा पत्ता नसेल तो मेल बाजूच्या फोल्डरमध्ये टाक, त्यांना तुमचा मेल उशिरा दिसेल, तेवढं धरून चाला. तसंच एखाद्या मेलिंग लिस्टचा पत्ता बीसीसीत टाकलात तर मेलमॅनसारखं सॉफ्टवेअर तो मेल अडवून ॲडमिनकडे मंजुरीला पाठवतं, कारण टू-सीसीत लिस्टचं नावच नाही, मग लोक मला विचारत येतात की मेल गेला कुठे.

मर्यादेचं पटकन सांगतो. साठ-सत्तर पत्ते ही काही मोठी गोष्ट नाही, ५३२१ प्रमाणे कुठल्याही सर्व्हरने एका मेलला निदान १०० पत्ते तरी घेतलेच पाहिजेत. फुकटच्या जीमेलवर एका मेलमध्ये ५०० पेक्षा जास्त पत्ते किंवा दिवसाला ५०० पेक्षा जास्त मेल झाले की पाठवणं काही तास बंद पडतं. आणि एका डोमेनवरून दिवसाला पाच हजारांच्या घरात मेल जीमेलवाल्यांना पाठवत असाल तर फेब्रुवारी २०२४ पासून एसपीएफ, डीकिम, डीमार्क (मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या तपासण्या) हे सगळं लावणं सक्तीचं आहे, तो वेगळा विषय, तिथे बीसीसीने काम चालवायचा विचार पण करू नका. स्पॅममध्ये जाईल का असं लोक घाबरून विचारतात, तर नुसत्या बीसीसीमुळे जातोच असं नाही, पण नवीन अकाउंट, एकदम शंभर जण बीसीसीत, मजकुरात एक लिंक आणि यादीतले दहा-बारा पत्ते बंद पडलेले, हे सगळं एकत्र आलं की फिल्टरला वास येणारच.

यादी नाजूक असेल तर मात्र माझा सल्ला बदलतो, तिथे मी बीसीसीवर सुद्धा भरवसा ठेवू नका म्हणेन. नाजूक म्हणजे रुग्ण, तक्रारदार, नोकरीचे उमेदवार, कर्जदार, म्हणजे जिथे यादीत नाव असणं हीच खाजगी गोष्ट आहे. लंडनमधल्या ५६ डीन स्ट्रीट या क्लिनिकने सप्टेंबर २०१५ मध्ये एक माहितीपत्रक ७८१ जणांना पाठवलं आणि पत्ते बीसीसीऐवजी टू मध्ये पडले. ती सेवा प्रामुख्याने एचआयव्हीसह जगणाऱ्यांची होती, आणि ७३० पत्त्यांमध्ये माणसाचं पूर्ण नाव होतं. तिथल्या माहिती आयुक्तांनी हॉस्पिटल ट्रस्टला १ लाख ८० हजार पौंड दंड केला. सप्टेंबर २०२१ मध्ये ब्रिटनच्या संरक्षण खात्याने अफगाणिस्तानातून बाहेर पडू पाहणाऱ्या लोकांना मेल पाठवताना हेच केलं, २६५ पत्ते उघडे पडले, म्हणजे तालिबानच्या हाती यादी लागली असती तर जिवावरचं प्रकरण, आणि २०२३ च्या डिसेंबरात साडेतीन लाख पौंड दंड झाला. या लोकांना बीसीसी माहीत नव्हतं असं थोडंच आहे. दोन रकाने एकमेकांना चिकटून आहेत आणि रोज मेल पाठवणारा माणूस कधीतरी चुकीच्या रकान्यात पेस्ट करणारच, म्हणून ज्या कामात एक चूक परवडत नाही ते काम अशा पद्धतीने करायचंच नाही. मेल मर्ज वापरा. वर्ड आणि आउटलूक मिळून ते करतात, जीमेलच्या पैसे भरून घेतलेल्या काही प्लॅनमध्येही आहे. त्यात प्रत्येकाला स्वतंत्र मेल जातो, टू मध्ये त्याचा एकट्याचा पत्ता, वरती त्याचं नाव, आणि दुसऱ्याचा पत्ता चुकून जायला तिथे जागाच नाही. तुमच्या साठ जणांसाठी पण हे चालेल, खरं तर उत्तरं जास्त येतील.

रिप्लाय ऑलच्या वादळाबद्दल एकच सांगतो. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्येच बेडलॅम डीएल३ नावाच्या ग्रुपवर कोणीतरी "मला यातून काढा" लिहिलं, ग्रुपमध्ये हजारो लोक, मग "मला पण", मग "रिप्लाय ऑल करू नका" असं रिप्लाय ऑल, आणि सर्व्हर कोलमडले. मोठ्या ग्रुपला सूचना पाठवायची असेल तर ग्रुपचा पत्ता बीसीसीत टाका (मेलमॅनसारखी लिस्ट असेल तर वर म्हटल्याप्रमाणे आधी ॲडमिनची मंजुरी लागेल), मग रिप्लाय ऑल तुमच्यापुरतं राहतं. असं वादळ सुरू झालेलं दिसलं तर गप्प बसा आणि तो धागा म्यूट करा.

पाठवतानाची पद्धत. जीमेलमध्ये बीसीसीचा रकाना कंट्रोल, शिफ्ट आणि बी दाबून उघडतो, आउटलूकमध्ये ऑप्शन्स टॅबमधून एकदा चालू केला की राहतो, आयफोनवर सीसी-बीसीसीच्या ओळीवर टॅप करायला लागतं. पण यादी फोनवरून पाठवूच नका, पत्ते गोळा होऊन एका ओळीत मिटतात आणि कुठल्या रकान्यात आहेत ते नीट दिसत नाही. आधी मजकूर, मग विषय, अटॅचमेंट, आणि पत्ते सगळ्यात शेवटी, म्हणजे अर्धवट मेल चुकून सुटला तरी कुठे जाणार नाही. आउटलूकमध्ये पत्त्यांमध्ये अर्धविराम लागतो, जीमेलला स्वल्पविराम चालतो, एक्सेलमधून कॉपी करताना इथे घोळ होतो. जीमेलमध्ये अनडू सेंडची वेळ पाच सेकंदांवरून तीसवर न्या, सेटिंग्जमध्ये आहे, आणि तिथेच डिफॉल्ट रिप्लाय ऑल नसून साधं रिप्लाय आहे ना तेही बघून घ्या.

आणि एवढं करूनही यादी टू मध्ये गेलीच तर पहिल्या पाच मिनिटांत काहीही पाठवू नका. आउटलूकचं रिकॉल साधारण तुमच्याच संस्थेच्या आत चालतं, बाहेर गेलेला मेल परत येत नाही. ब्रिटनमधल्या बाललैंगिक शोषणाच्या चौकशी आयोगाने २०१७ मध्ये ९० जणांना पहिला मेल बीसीसीत व्यवस्थित पाठवला होता, त्यात मजकुराची चूक दिसली म्हणून दुरुस्तीचा मेल पाठवला आणि घाईत पत्ते टू मध्ये गेले, दोन लाख पौंड दंड झाला तो दुसऱ्या मेलबद्दल. आधी वरच्यांना आणि डेटाची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांना सांगा, युरोपच्या जीडीपीआरसारख्या कायद्यात नियामकाला कळवायला ७२ तास मिळतात आणि ते घड्याळ तुम्हाला कळलं तेव्हापासूनच सुरू होतं. मग माफीचा मेल, बीसीसीत, दुसऱ्या माणसाकडून पत्ते तपासून घेऊन, आणि त्यात स्पष्ट लिहा की आधीचा मेल डिलीट करा, फॉरवर्ड करू नका आणि त्याला रिप्लाय ऑल तर मुळीच करू नका.